पोकळीचे मोल : कृत्रिम हाडाच्या जाळीविषयी

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अस्थिरोग विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



विभागाच्या वर्षभरातील कामाचा तपशील अहवालात स्वतंत्रपणे दिलेला असल्यामुळे त्याची पुनरुक्ती न करता आम्ही आज एकाच विषयावर आपल्याशी बोलू इच्छितो. गेल्या वर्षीच्या सभेनंतर चहापानाच्या वेळी एका ज्येष्ठ देणगीदारांनी आम्हांला सरळ प्रश्न विचारला होता. "आता कृत्रिम हाड मिळते असे ऐकतो. मग तुम्ही अजूनही रुग्णाच्या कमरेचे हाड काढून त्याच्याच पायात का भरता? एका जखमेच्या जागी दोन जखमा कशासाठी?" ते केवळ प्रश्न विचारून थांबले नाहीत. आपल्या कैलासवासी मातोश्रींच्या स्मरणार्थ 'कृत्रिम अस्थी निधी' स्थापन करण्यासाठी देणगी देण्याची तयारीही त्यांनी दाखविली. प्रश्न रास्त होता आणि देणगीमागील भावना तर वंदनीय होती. परंतु उभ्याउभ्या उत्तर देण्याजोगा तो विषय नव्हता. आजचे हे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचे आमच्या विभागाने दिलेले, थोडे उशिरा आलेले उत्तर आहे.

प्रथम हाड म्हणजे काय, ते पाहू. स्मशानात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या कपाटात दिसणारे हाड आपल्याला दगडासारखे वाटते. जिवंत शरीरातील हाड तसे नसते. त्याच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग खनिजाचा, उरलेला कोलॅजेन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचा आणि पाण्याचा. हे खनिज कॅल्शियम व फॉस्फेट यांचे बनलेले असून त्याचे शास्त्रीय नाव हायड्रॉक्सिअपेटाइट. त्यात कॅल्शियमच्या दर दहा अणूंमागे फॉस्फरसचे सहा अणू असतात. खनिजामुळे हाडाला कणखरपणा येतो आणि तंतूंमुळे चिवटपणा. दोन्ही असल्यामुळेच हाड भार सोसते आणि धक्काही पचवते.

परंतु आज आम्हांला लक्ष वेधावयाचे आहे ते हाडात जे भरलेले नाही त्याकडे. मांडीचे हाड खुब्याजवळ उभे कापले, तर बाहेर घट्ट कवच दिसते आणि आत जाळी. उत्तम जमलेल्या अनारशाला जशी जाळी पडते, तशी ही जाळी असते. बाहेरच्या घट्ट हाडात पोकळीचे प्रमाण साधारण पाच ते दहा टक्के, तर आतल्या जाळीदार हाडात ते पन्नास ते नव्वद टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे तेथे हाडापेक्षा पोकळीच अधिक. या पोकळीतून रक्तवाहिन्या जातात, तेथेच मज्जा असते, आणि जुने हाड खरवडून काढणाऱ्या व नवे हाड रचणाऱ्या पेशींचे काम तेथील पृष्ठभागावर अखंड चालू असते. जाळीचे तंतूही वाटेल तसे पसरलेले नसतात. भार ज्या दिशेने येतो त्या दिशेने ते उभे राहतात. बर्लिनचे शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये आपल्या ग्रंथात हाच नियम मांडला. हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःला घडवीत राहते.

मोडलेले हाड बहुधा आपोआप जुळते. डॉक्टरांचे काम ते सरळ आणि स्थिर ठेवण्याचे. पण जेथे हाडाचा तुकडाच नाहीसा झाला आहे, गाठ काढल्यामुळे खड्डा पडला आहे किंवा पू होऊन हाड कुजले आहे, तेथे दोन टोकांमधील अंतर भरून काढावे लागते. त्यासाठी रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून घेतलेली जाळी आजही सर्वश्रेष्ठ मानली जाते. तिच्यात जिवंत पेशी असतात, हाड घडविण्याची सूचना देणारी द्रव्ये असतात आणि तयार आधारही असतो. तिचे दोषही उघड आहेत. हाड मर्यादितच मिळते, दुसरी जखम होते आणि कित्येकदा मूळ जखमेपेक्षा कमरच अधिक दिवस दुखते. म्हणूनच कृत्रिम पर्यायाचा शोध शतकाहून अधिक काळ चालू आहे.

हा शोध कसा वळणे घेत गेला ते थोडक्यात सांगतो, कारण आमचे उत्तर त्यातच आहे. १८९२ मध्येच जर्मनीतील ड्रेसमन यांनी हाडातील पोकळ्या प्लास्टर ऑफ पॅरिसने भरल्याचे प्रसिद्ध केले. प्लास्टर शरीराला अपायकारक नव्हते, पण ते काही आठवड्यांतच विरघळते. नवे हाड येण्यापूर्वीच आधार निघून जातो. १९२० मध्ये अमेरिकेतील फ्रेड आल्बी यांनी कॅल्शियम फॉस्फेटचा उपयोग करून हाडाच्या वाढीला चालना मिळते काय, हे तपासले. द्रव्य योग्य होते. परंतु हाडाचे द्रव्य म्हणजे हाड नव्हे. विटा, वाळू आणि सिमेंट यांचा ढीग म्हणजे घर नव्हे, तसेच हे. रचनेचा प्रश्न शिल्लकच होता.

तो प्रश्न १९७० च्या सुमारास ऐरणीवर आला. सॅम्युएल हल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या आकाराची छिद्रे असलेली मृत्तिकाद्रव्ये प्राण्यांच्या हाडात बसवून पाहिली. हाड आत वाढण्यासाठी छिद्र निदान शंभर मायक्रॉनचे असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढील संशोधनाने ही अपेक्षा तीनशे मायक्रॉनच्या पलीकडे नेली, कारण पेशींबरोबर केशवाहिन्यांनाही आत शिरावे लागते. तीनशे मायक्रॉन म्हणजे डोक्याचे तीनचार केस शेजारी शेजारी ठेवावेत एवढी रुंदी. याहूनही महत्त्वाची अट अशी की छिद्रे एकमेकांना जोडलेली हवीत. वाड्यात खोल्या पुष्कळ आहेत पण दारे नाहीत, तर आतल्या खोलीत कोणी पोचणार नाही.

अशी जोडलेली छिद्रे निसर्गाने आधीच एका ठिकाणी तयार ठेवली होती, ती म्हणजे समुद्रातील प्रवाळात. १९७२ मध्ये वेबर आणि व्हाइट यांनी प्रवाळाच्या सांगाड्याची रचना साचा म्हणून वापरण्याची पद्धत मांडली. १९७४ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील डेला रॉय आणि त्यांचे सहकारी लिनेहन यांनी त्याही पुढचे पाऊल टाकले. प्रवाळ कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीच्या जातीच्या खनिजाचे असते. फॉस्फेटच्या द्रावणात उच्च तापमान व दाब देऊन त्यांनी कार्बोनेटच्या जागी फॉस्फेट आणले. जाळी तशीच राहिली, द्रव्य मात्र हाडाचे झाले. यातून बनविलेले दाणे आणि ठोकळे पुढे अनेक देशांत शस्त्रक्रियेत वापरले गेले.

येथे एक गोष्ट नमूद करणे आम्हांला आवश्यक वाटते. आपल्या कोकणात मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहे. ते काढून हाडे का बनवू नयेत, असा प्रश्न एका विद्यार्थ्याने आम्हांला विचारला होता. आपल्या देशात २००१ पासून कठीण प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, आणि ते असणे योग्यच आहे. प्रवाळापासून जे शिकावयाचे होते ते विज्ञान शिकले आहे. प्रवाळाची जाळी आता कारखान्यात घडविता येते.

ती कशी घडवितात? एक पद्धत अगदी सोपी आहे. हायड्रॉक्सिअपेटाइटची बारीक भुकटी पाण्यात कालवून तिची दाटसर रबडी करतात. स्पंजचा तुकडा तीत बुडवून पिळतात, वाळवितात आणि भट्टीत ठेवतात. स्पंज जळून जातो आणि त्याच्या धाग्यांवर चढलेला खनिजाचा थर साधारण अकराशे ते तेराशे अंश सेल्सिअसला भाजून पक्का होतो. धातूचा फेस अथवा सच्छिद्र मृत्तिका बनविण्यासाठी उद्योगात हे तत्त्व १९६० च्या दशकापासून ठाऊक होते. मेणाचा साचा वितळवून मूर्ती ओतणाऱ्या आपल्या कारागिरांना तर ते कित्येक शतकांपासून ठाऊक आहे. दुसऱ्या पद्धतीत भुकटीत मेणाचे किंवा तत्सम द्रव्याचे बारीक मणी मिसळतात. ते जळून गेले की त्यांच्या जागी छिद्रे उरतात.

तिसरी पद्धत गोठविण्याची. समुद्राचे पाणी गोठते तेव्हा बर्फ शुद्ध राहतो आणि मीठ बाजूला ढकलले जाते. २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथील संशोधकांनी याच रीतीने खनिजाचे कण बर्फाच्या पापुद्र्यांमध्ये दाबून बसविले, मग बर्फ उडवून लावला आणि उरलेली रचना भाजली. पापुद्र्यांची ही रचना त्यापूर्वीच्या सच्छिद्र खनिजापेक्षा लक्षणीय मजबूत ठरली. चौथी वाट इटलीतील फाएंझा या गावाची. मातीच्या भांड्यांसाठी शतकानुशतके प्रसिद्ध असलेल्या या गावात ॲना टांपिएरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेताचे हाड केले. वेताच्या कांडीत उभ्या नळ्या असतात आणि त्यांची मांडणी हाडातील रक्तवाहिन्यांच्या नळ्यांशी जुळते. वेत जाळून त्याचा कोळसा केला, त्यावर कॅल्शियमची वाफ सोडली, आणि एकामागून एक रासायनिक पायऱ्या चढून शेवटी त्याचे हाडाच्या खनिजात रूपांतर केले. हे काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आज याखेरीज त्रिमितीय छपाईने, रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून, हव्या त्या आकाराची जाळी थरावर थर देऊन रचता येते.

हे सारे ऐकून आपणांस वाटेल की मग अडचण तरी काय राहिली? अडचणी दोन आहेत. पहिली भाराची. आपले घट्ट हाड दाबाला साधारण शंभर ते दोनशे मेगापास्कल इतके टिकते, जाळीदार हाड साधारण दोन ते बारा. खनिजात छिद्रे जितकी अधिक, तितकी त्याची ताकद कमी. शिवाय भाजलेले खनिज कौलासारखे असते. ते वाकत नाही, एकदम तडकते. जिवंत हाडातील कोलॅजेनचा चिवटपणा त्यात नाही. म्हणून नडगीच्या मधला तुकडा गेला असता तेथे अशी जाळी एकटी ठेवून रुग्णाला चालवणे शक्य नाही.

दुसरी अडचण वेळेची. घराचा स्लॅब टाकताना खालून सेंटरिंग लावतात. ते लवकर काढले तर स्लॅब कोसळेल आणि कायमचे ठेवले तर घरात वावरता येणार नाही. कृत्रिम जाळीचेही तसेच आहे. प्लास्टर फार लवकर निघून जाते. भाजलेले हायड्रॉक्सिअपेटाइट वर्षानुवर्षे तसेच राहते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हे त्याचे भावंड त्यामानाने लवकर विरते. म्हणून १९८० च्या दशकापासून या दोहोंची मिश्रणे वापरात आली. उत्तम जाळी ती, जी नव्या हाडाला जागा देत देत स्वतः निघून जाते.

यापुढे जे सांगावयाचे ते आमच्या चुकीविषयी आहे, आणि देणगीदारांसमोर ते सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी ऊसतोडणीस आलेला एक तरुण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली पाय सापडून आमच्याकडे दाखल झाला. नडगीचे हाड उघडे पडून मोडले होते आणि पुढे त्यात पू झाला. कुजलेला भाग आम्ही काढून टाकला, खड्डा उरला. कमरेतून हाड घेतले तर हा पुन्हा कोयता कधी धरणार, या चिंतेने घरच्यांनी विनवणी केली आणि आम्हीही ती मानली. खड्डा कृत्रिम दाण्यांनी भरला. जखम स्वच्छ झाली आहे असा आमचा समज होता. तो चुकीचा होता. सहाव्या आठवड्यात जखमेतून पुवाबरोबर ते दाणे वाळूच्या खड्यांसारखे बाहेर येऊ लागले. दाण्यांची ती कुपी कुटुंबाने मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतून आणली होती, हे आम्हांला नंतर कळले.

दाणे निकृष्ट नव्हते. आम्ही जाळी ठेवली, पण तिच्यात येऊन राहणारे कोणी आहे की नाही, हे पाहिले नाही. पुवाने वेढलेल्या, रक्तपुरवठा तुटलेल्या जागी पेशी येणार कोठून? १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट यांनी दाखवून दिले होते की हाड घडविण्याची सूचना देणारे द्रव्य हाडातच असते. कोऱ्या खनिजात ते नसते. २००७ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथील गियानुदिस आणि सहकाऱ्यांनी चार गोष्टी एकत्र मांडल्या: जिवंत पेशी, सूचना देणारी द्रव्ये, आधाराची जाळी आणि स्थिरता. आम्ही चारांपैकी एकच दिली होती. पुढे त्या तरुणाचे दाणे काढून, पू पूर्णपणे आटोक्यात आणून, सैबेरियातील कुर्गानचे डॉ. इलिझारोव्ह यांच्या पद्धतीने बाहेरून कड्या बसविल्या आणि त्याचेच हाड दररोज एक मिलिमीटर याप्रमाणे सरकवीत अंतर भरले. तो आज चालतो. परंतु त्याचे दोन गळीत हंगाम गेले, त्यातला एक आमच्यामुळे.

दुसरे उदाहरण सुखद आहे. एका शाळकरी मुलाच्या दंडाच्या हाडात साधी, अपायकारक नसलेली पोकळी होती आणि त्यामुळे हाड पुनःपुन्हा मोडत असे. पोकळी खरवडून तिच्यात हेच दाणे भरले. चारी बाजूंना निरोगी, रक्ताळलेल्या भिंती होत्या, पू नव्हता, भारही बेताचा होता. वर्षभरातील एक्स-रे एकापुढे एक ठेवले असता दाण्यांच्या कडा पुसट होत गेलेल्या आणि भोवतीच्या हाडात मिसळलेल्या दिसतात. त्याच्या कमरेला आम्ही हातही लावला नाही.

तर ज्येष्ठ देणगीदारांच्या प्रश्नाचे उत्तर असे: कृत्रिम हाड म्हणून जे मिळते ते हाड नाही. ते हाडासाठी बांधलेले रिकामे घर आहे, आणि त्याचे मोल त्याच्या भिंतींपेक्षा त्याच्या पोकळीत आहे. राहणारा जवळ असेल तर ते घर वसते. नसेल तर ते ओस पडते आणि प्रसंगी त्रासदायक ठरते. जेथे भिंती जिवंत आहेत, पू नाही आणि हाड स्थिर आहे, तेथे आम्ही त्याचा उपयोग करतो व यापुढे अधिक करू. पोकळी मोठी असेल तर रुग्णाच्या हाडात हे दाणे मिसळून कमरेतून घ्यावयाचे हाड कमी करतो. जेथे तुकडाच गेला आहे किंवा पू आहे, तेथे कमरेचे हाड, कड्या आणि धीर, हेच आजही खरे साधन आहे.

या बाबतीत आपण परदेशी मालावरच अवलंबून आहोत असेही नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने हायड्रॉक्सिअपेटाइट आणि जैवसक्रिय काच यांचे मिश्रण असलेले द्रव्य आपल्याच देशात विकसित केले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ पासून दान मिळालेले हाड किरणोत्साराने निर्जंतुक करून रुग्णांसाठी उपलब्ध करून देत आली आहे. महाग कुपी हाच एकमेव मार्ग आहे, असे कोणत्याही रुग्णाच्या नातेवाइकास वाटू नये, एवढी दक्षता आम्ही घेऊ.

शेवटी देणगीविषयी. त्या देणगीदारांना आम्ही विनंती केली की निधीचे नाव 'कृत्रिम अस्थी निधी' न ठेवता 'अस्थिपुनर्बांधणी निधी' असे ठेवावे. दाण्यांची कुपी दिसते, मोजता येते, तिच्यावर नाव लिहिता येते. पण ऊसतोडीच्या त्या तरुणासारख्या रुग्णाला लागते ते पुनःपुन्हा जखम स्वच्छ करणे, पुवाची तपासणी, बाहेरच्या कड्या, काही महिन्यांचे जेवणखाण, आणि तेवढे दिवस घर चालेल एवढा आधार. यांपैकी बहुतेक गोष्टी डोळ्यांत भरणाऱ्या नाहीत; त्या नसतील तर उत्तमोत्तम जाळीही वाया जाते. देणगीदारांनी ती विनंती मोठ्या मनाने मान्य केली. एवढेच म्हणाले, "माझ्या आईला नावाचे काही नव्हते. माणूस चालता झाला म्हणजे झाले."

चांगल्या जाळीची परीक्षा हीच, की वर्षादोन वर्षांनी एक्स-रेमध्ये ती शोधूनही सापडू नये आणि तिच्या जागी रुग्णाचे स्वतःचे हाड दिसावे. आपण दिलेल्या दानाचाही असाच विनियोग व्हावा, यासाठी विभाग झटत राहील. शस्त्रक्रियागृहातील, वॉर्डातील आणि भौतिकोपचार विभागातील सहकाऱ्यांचे, तसेच आमच्या चुकीनंतरही आमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या त्या कुटुंबाचे मनःपूर्वक आभार मानून आम्ही आपली रजा घेतो.